मला पटली, त्याला जमली

आमच्या गावच्या वाचनालयात दर वर्षी मे महिन्यात पुस्तकांची मोजणी होते. कार्यकारिणीत असल्यामुळे त्या चार-पाच दिवसांत फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावण्याचे काम माझ्याकडे येते आणि ते मी आनंदाने करतो, कारण त्या निमित्ताने वाचकांनी समासात लिहिलेले शेरे वाचायला मिळतात. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी भिंतीवर आहे, पण ती कोणी मनावर घेत नाही. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या कौटुंबिक कादंबरीत, सासू सुनेची क्षमा मागते त्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेले दिसले : "असे कधी होत नाही." त्याखाली निळ्या शाईत, निराळ्या अक्षरात : "होते. आमच्याकडे झाले." आणि त्याच्याही खाली पुन्हा पहिल्याच पेन्सिलीचे अक्षर : "झाले असेल. इथे पटत नाही."

म्हणजे हा पेन्सिलवाला वाचक न पटलेली कादंबरी दुसऱ्यांदा घरी घेऊन गेला होता. त्याचे तिसरे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा मनात घोळवले आहे. घरात घडलेली गोष्ट आणि पानावर घडलेली गोष्ट यांतला फरक त्याने तीन शब्दांत सांगितला होता, आणि त्यासाठी त्याने जे क्रियापद वापरले ते मला फार नेमके वाटते.

मराठीत कथेचा निवाडा करणारी क्रियापदे दोन घरांत विभागलेली आहेत. वाचक म्हणतो : मला पटली, भावली, भिडली. लिहिणारे आपसांत बोलतात तेव्हा म्हणतात : त्याला जमली, तिला साधली. पहिल्या प्रकारात जे घडते ते वाचकाच्या ठिकाणी घडते; दुसऱ्या प्रकारात लेखकाच्या ठिकाणी. "मला जमली" असे वाचक कधी म्हणणार नाही, आणि एखाद्या मुरलेल्या कथालेखकाला "तुम्हाला ती कथा पटली का?" असे विचारले तर तो क्षणभर थबकतो, कारण तो वाचत असताना वेगळेच काही तपासत होता. (रंगली हे तिसरेच. कथा रंगते तशी मैफल रंगते, भजन रंगते. त्यात कोणा एकट्याचा हात नसतो.) कथा-कादंबरीवरच्या आपल्या वादांत दोन्ही बाजू या दोन घरांतून एकमेकींशी बोलत असतात आणि आपण एकाच वस्तूबद्दल बोलत आहोत असे समजतात, असे माझे मत आहे. ते मत बनायला माझीच एक कथा कारण झाली.

कथा ऊसतोडणी मजुरांवर होती. बीड जिल्ह्यातून एक नवराबायको दिवाळीनंतर साताऱ्याकडे टोळीत आलेले, मुलगी गावी आजीजवळ ठेवलेली. ऐन हंगामात मुलगी तापाने आजारी असल्याचा निरोप येतो. दोघे रात्री कोपीतून, म्हणजे पाचटाच्या खोपटातून, निघतात आणि फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे राहतात. टोळीचा मुकादम त्यांना पाहतो, पण काही बोलत नाही, तोंड फिरवून निघून जातो. त्या न बोलण्यावर मी फार खूश होतो. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवण्याआधी मी तिच्या चार प्रती काढून ओळखीच्यांना दिल्या. त्यांपैकी एकाने ती बीड जिल्ह्यातल्याच, आष्टी तालुक्यातल्या, आपल्या एका शिक्षक मित्राला परस्पर वाचायला दिली, आणि त्या गृहस्थांचे मला पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच : "कथा वाचली. भाषा चांगली आहे. मुकादम गप्प बसतो ते पटले नाही."

मी त्याचा अर्थ असा लावला की मुकादमाच्या चांगुलपणाची पूर्वतयारी कथेत झालेली नाही. लेखक मंडळींत वावरणाऱ्या माणसाला हाच अर्थ सुचतो. व्यक्तिरेखा, तिची प्रेरणा, तिचा पूर्वेतिहास ही आमची हत्यारे, आणि हातात हातोडी असली की भिंतीत खिळाच कमी आहे असे वाटते. मी दोन पाने वाढवली. मुकादमाचीही एक मुलगी लहानपणी गेलेली होती असे दाखवले. तिची चांदीची साखळी तो ट्रंकेत जपून ठेवतो असेही लिहिले. नवी प्रत पुन्हा तिघांना दिली. तिघांचेही म्हणणे पडले की आता तर मुळीच पटत नाही, आणि एकाने साखळीवर तांबड्या शाईने मोठे प्रश्नचिन्ह काढले.

पुढे एका लग्नाच्या निमित्ताने त्या शिक्षकांची गाठ पडली. मी साखळीची सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "त्यांनी उचल किती घेतली होती?"

मला उत्तर देता आले नाही. कथेत उचल हा शब्दच नव्हता. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम प्रत्येक जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची असते हे मी वर्तमानपत्रांत वाचलेले होते. पण कथा लिहिताना मला वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे, पहाटेचे दव, मोळ्या वाहणाऱ्या बायका एवढेच दिसत होते. ते म्हणाले, "अहो, उचल तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुमच्या मुकादमालाही माहीत नाही. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी आख्खा कोयता निघून गेला, तर ते पैसे त्याच्या अंगावर येतात. त्याने टोळी पुरवायची लिहून दिलेली असते. तो बोलेल, ओरडेल, नाहीतर काहीतरी अडकवून ठेवेल."

"काय अडकवून ठेवेल?"

"बायको," ते म्हणाले, आणि जेवणाची पंगत बसत होती म्हणून उठले.

त्या रात्री मी वाढवलेली दोन पाने काढून टाकली आणि त्यांच्या जागी आठ ओळी लिहिल्या. उचलीचा आकडा आला. फाट्यावर आता नवरा एकटाच उभा राहिला. बायको कोपीत राहिली. मुकादम त्याला पाहतो, काही बोलत नाही, तोंड फिरवून निघून जातो. ते वाक्य मी शब्दशः होते तसेच ठेवले आहे. मुकादमाचे गप्प बसणे चूक नव्हतेच. आता त्याला बोलायची गरज उरली नव्हती, आणि त्या एकाच गप्प बसण्याचा अर्थ दयेवरून हिशेबावर आला.

म्हणून "पटले नाही" या शेऱ्याचा मला आता फार आदर वाटतो, पण तो कुठे दाखवला आहे यावर मी फारसे विसंबत नाही. वाचकाला ठेच लागते ती जागा आणि दगड निखळलेली जागा यांत कधी एका पानाचे, कधी दहा पानांचे अंतर असते. ठेच मात्र खरी असते. तिच्यावर "तुम्हाला समजले नाही" हे उत्तर देणाऱ्या लेखकांच्या बैठकींत मी बसलो आहे. स्वतःही तसे उत्तर देऊन चुकलो आहे.

जमले-साधलेच्या घरातही सगळे आलबेल आहे असे नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा निम्मा संसार दिवाळी अंकांवर चालला आहे, आणि अशाच एका अंकासाठी मी सहा वर्षे आलेल्या कथांची पहिली चाळणी करत असे. गणपतीच्या आधी टपालाचा ढीग लागायचा. ढीग मोठा असला की वाचणारा कथा वाचत नाही, तिला नाकारण्याचे कारण शोधतो, हे मी माझ्यावरून सांगतो. सूर्योदयाने सुरू झालेली कथा, शेवटच्या ओळीत नायक झोपेतून जागा होणारी कथा, पत्रातून सगळा खुलासा करणारी कथा असे गठ्ठे मनातल्या मनात आधीच बांधलेले असतात. एका वर्षी प्रेशर कुकर दुरुस्त करत दारोदार फिरणाऱ्या माणसाची एक कथा आली होती. रचना ढिली, मधे एक अख्खे पान उपदेशाचे, शेवट घाईचा. मी ती "नको" गठ्ठ्यात टाकली, आणि तेव्हा दिलेली कारणे मी आजही तशीच देईन. पण त्या माणसाची रबरी रिंग ओठांजवळ धरून तिचा चिवटपणा पाहण्याची सवय मला अजून आठवते, आणि त्या वर्षी मी पुढे पाठवलेल्या कथांपैकी एकीचेही नाव मला सांगता येणार नाही. त्या कथा जमलेल्या होत्या, एवढे खात्रीने सांगतो.

मराठी कथेला जमण्याचे शास्त्र शिकवण्याचा सर्वांत नेटका उद्योग ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये केला. त्या तंत्राची पुढे पुष्कळ टिंगल झाली आणि नवकथेने ते मोडले असे आपण शिकतो, परंतु टिंगल करणाऱ्यांनाही एक तंत्र होते. फक्त त्याचे पुस्तक निघाले नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली. तिची अर्पणपत्रिका शंभरांतील नव्याण्णवांना आहे, आणि माझ्या अनुभवात तिच्याइतके वाचकांचे सरळ दोन तट पाडणारे पुस्तक दुसरे नाही. आमच्या वाचनालयातल्या प्रतीत पहिल्या शंभर पानांवर कंटाळ्याचे शेरे आहेत. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या पानांवर मात्र एकही शेरा नाही, नुसते पानांचे कोपरे मऊ झालेले आहेत. कंटाळलेल्यांपैकी कोणी ती पाने वगळून गेले असेल असे मला वाटत नाही. तो कंटाळा आणि ते पान हे एकाच लेखणीचे काम आहे का, आधीची सैल पाने नसती तर मनीचे जाणे इतके आत गेले असते का, यावर लिहिणारे तासभर बोलू शकतात आणि वाचणाऱ्यांना तो प्रश्नच पडत नाही. मला स्वतःला वाटते की नसते गेले. पण हे मी तिसऱ्या वाचनानंतर म्हणतो, आणि तिसऱ्यांदा वाचणारा माणूस वाचक कमी आणि कारागीर जास्त असतो.

कथाकथनाच्या सभागृहात हा सगळा घोळ होत नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे मिळून गावोगाव कथा सांगत, तेव्हा निकाल तिथल्या तिथे लागे. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, म्हणून सांगणारा महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगतो, उशीर लावतो, आवाज बदलतो. तीच कथा छापून वाचताना तो दुसऱ्यांदा सांगणारा भाग कधी कधी पाल्हाळ वाटतो. धारवाडला सभा-समारंभांपासून दूर राहिलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथा अशा सभागृहात कशा चालतील याची कल्पना करून पाहावी. चालणार नाहीत, आणि त्यात त्यांचे काही उणे होणार नाही.

आता माझ्या कथेचे उरलेले. आठ ओळींची नवी प्रत मी एका कथालेखक स्नेह्यांना दाखवली. ते बारकाईने वाचतात. "जमली," ते म्हणाले, आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले. त्यात नवरा पहाटे गावी पोचतो आणि मुलगी उंबऱ्यात बसलेली दिसते, असे होते. "हा काढा. एसटीचा दिवा फाट्यावर दिसला की थांबा."

मी काढला. कथा तशीच छापून आली, आणि लिहिणाऱ्यांपैकी जे भेटले त्यांनी नेमक्या त्या शेवटाचीच स्तुती केली. तरीही मला आजपर्यंत खात्री नाही. उघडा सोडलेला शेवट हा आता आमच्या जमातीचा गणवेश झाला आहे. एके काळी कलाटणी देणारा शेवट जितका ठरीव होता तितकाच हा ठरीव आहे, आणि तो कथेला हवा म्हणून ठेवला की आपण आपल्यातलेच आहोत हे दाखवण्यासाठी, हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आमच्या वाचनालयात दर शुक्रवारी पुस्तक बदलायला एक काकू येतात. अंक वाचून झाल्यावर त्यांनी मला काउंटरपाशी गाठले. "मुलगी वाचली का हो? एवढे सांगायला तुमचे काय जात होते?"

मी म्हणालो, तुम्हाला काय वाटते ते माना. हे उत्तर किती आयते होते ते बोलता बोलताच कळले. काकूंनी ते मनावर घेतले नाही. पुढच्या शुक्रवारी पुस्तक परत करताना त्या म्हणाल्या, "वाचली असणार. मेली असती तर आई तिथे नव्हती हे तुम्हाला लिहावेच लागले असते. त्याशिवाय बायकोला मागे कशाला ठेवलीत?"

बायकोला मागे कशासाठी ठेवली ते मला माहीत होते, उचलीसाठी. पण काकू गेल्यावर मी कपाटातून अंक काढला आणि कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणारी एक ओळ मला त्यात सापडली नाही.