पहाटेचा दुसरा पल्स

सुनावणीच्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी धुळ्यात पारोळा रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसले होते. समोर ई-रिक्षा उभी, सीट उचललेली, खाली सोळा सेलची बॅटरी. आबांची नजर दोन छोट्या डिस्प्लेंवर होती. एकावर ३५.६ अंश, दुसऱ्यावर ३१.२.

"देऊ का पल्स?" मी विचारलं.

"आजून नही, ताई."

मे महिना होता. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता, माहेरवाशिणी परत गेल्या होत्या आणि दुपारी आग्रा रोडवर चिटपाखरू दिसत नव्हतं. दिवसा पारा चव्वेचाळीसला टेकत होता. पहाटेचे हे दोन-तीन तास तेवढे माणसासारखे जगता येतात, म्हणून शेडचं दार सताड उघडं ठेवलेलं. साडेअकराला पेटंट कार्यालयाची व्हिडिओवरून सुनावणी होती. अर्ज आबांचा, मसुदा माझा; पेटंटचे अर्ज लिहिणं हा माझा धंदा. आबांच्या संमतीनेच हे लिहिते आहे, आणि अर्ज प्रसिद्ध होऊन बराच काळ झाला आहे.

आबा बॅटरी दुरुस्त करतात. आधी इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या, म्हणजे शिसे-आम्लाच्या. आता रिक्षांच्या लिथियमच्या. शिसे-आम्लाच्या बॅटरीत हायड्रोमीटर बुडवला की आम्लाची घनता कळते आणि अनुभवी माणूस बऱ्यापैकी अंदाज बांधतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बंद डब्यात असते. तिचा व्होल्टेजही फसवा, कारण पूर्ण भरल्यापासून जवळजवळ रिकामी होईपर्यंत सेल ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास सपाट राहतो. बॅटरीत आत्ता किती चार्ज आहे हा एक प्रश्न. मुळात ती केवढी उरली आहे हा दुसरा. तलावात पाणी किती हे पाहणं वेगळं आणि गाळ साचून तलावच केवढा राहिला हे पाहणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाला आरोग्य म्हणतात, आणि वाहनाच्या बॅटरीची मूळ क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली की ती निवृत्तीला आली असं साधारण धरतात.

रिक्षावाल्यासाठी हा चैनीचा प्रश्न नाही. जुनी बॅटरी विकत घेताना ती अजून दोन वर्षं चालेल की चार महिने, यावर त्याच्या कर्जाचे हप्ते अवलंबून असतात.

आबांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. दुपारी टेस्टर लावून "चांगली आहे" म्हणून दिलेली बॅटरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणायचं. तेव्हा खरोखरच ती वाईट निघायची. दुपारी पुन्हा चांगली. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले होते, "ताई, बॅटरी दुपारले खोटं बोलस." यामागचं शास्त्र पक्कं आहे. सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळा, तापमान वाढलं की कमी होतो, आणि टेस्टर रोध कमी दिसला की बॅटरी तरुण समजतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात म्हातारी बॅटरीही दुपारी तरुण दिसते. त्यात वाईट म्हणजे हीच उष्णता तिला आतून लवकर म्हातारी करत असते, गाडी नुसती उभी असली तरी.

जगभरात यावरचा उपाय म्हणजे तापमानाची दुरुस्ती: रोध मोजायचा आणि तो पंचवीस अंशांना किती झाला असता हे काढायचं. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात बॅटरीचं वय ओळखण्याला जी०१आर ३१/३९२ असा स्वतंत्र वर्ग आहे, आणि तापमान किंवा वयासाठी मापन दुरुस्त करण्याला ३१/३७४ हा वेगळा. आबांनी दुरुस्ती केलीच नाही. तापलेल्या बॅटरीला चार्जरमधून दहा सेकंद वीस अँपिअरचा पल्स द्यायचा, व्होल्टेज किती चढतो ते टिपायचं; चढ जास्त म्हणजे रोध जास्त. मग चार्जिंग रोखून धरायचं, गार झाल्यावर तोच पल्स पुन्हा द्यायचा. मध्ये चार्ज करायचं नाही, नाहीतर तुलना बिघडते. दोन आकड्यांचं गुणोत्तर नव्या बॅटरीत साधारण १.३ येतं आणि वयाबरोबर वाढत जातं. त्यांच्या वहीत १.५ च्या पुढे लाल पेन होतं.

इथे माझी चूक सांगायला हवी. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. गुणोत्तर दिसलं आणि मी त्याच्या प्रेमात पडले. अर्जात नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य म्हणजे दावा. पहिल्या दाव्यात मी लिहिलं: पहिला रोध मिळवणे, दुसरा रोध मिळवणे, गुणोत्तर काढणे, त्यावरून आरोग्याचा निर्देशांक ठरवणे. वाचायला नेटका, रुंद, कोणी निसटू शकणार नाही असा दावा. चार्जर, सेन्सर, थांबणं हे सगळं मी वर्णनात ठेवलं आणि दाव्यातून काढलं. जितकं कमी लिहाल तितका हक्क मोठा, हे आमच्या धंद्यात आम्ही पहिल्या दिवशी शिकतो.

पहिला परीक्षण अहवाल आला तेव्हा त्यातली पहिलीच हरकत पेटंट कायद्याच्या कलम ३(क) ची होती. इंग्रजीत ते 'के' अक्षराचं पोटकलम. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, संगणक प्रोग्रॅम 'पर से' (म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून) आणि अल्गोरिदम यांना भारतात पेटंट नाही. लोक 'पर से' या दोन शब्दांवर फार विसंबतात, पण ते फक्त प्रोग्रॅमला जोडलेले आहेत, गणिताला तशी पळवाट नाही. दोन आकडे घेऊन भागाकार करणं म्हणजे गणित. परीक्षकाचं चुकलं असं मला म्हणताच येत नव्हतं. दुसरी हरकत कल्पकतेची, म्हणजे आधीच्या माहितीवरून हे कोणालाही सुचलं असतं अशी: दोन जुने दस्तऐवज. एकात तापमानाची दुरुस्ती, दुसऱ्यात प्रयोगशाळेच्या कपाटात एक सेल दोन तापमानांना ठेवून रोधाची तुलना.

लेखी उत्तर दिलं, हरकती उभ्याच राहिल्या, सुनावणी लागली. मी फरीद अलानी खटल्यावर तयारी केली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर निव्वळ प्रोग्रॅमवर आधारलेला म्हणून तो बाद होत नाही. आदल्या संध्याकाळी माझा युक्तिवाद आबांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, यामा थांबानं कोठे शे?"

मी म्हटलं, थांबणं वर्णनात आहे.

"पहाटले या. मी दखाडस."

म्हणून मी त्या स्टुलावर होते. दोन वर्षं त्या अर्जावर काम करून ती पद्धत मी एकदाही पहाटे पाहिली नव्हती. दुपारी माझ्या ऑफिसात बसून आकडे घेतले होते.

रिक्षा रात्री एसटी स्टँडवर एक वाजेपर्यंत चालली होती. आल्या आल्या, बॅटरी त्रेचाळीस अंशांवर असताना, पहिला पल्स दिला होता: ०.६० व्होल्ट चढ. पावणेपाचला कडेच्या सेलवरचा सेन्सर एकतीस दाखवत होता, हात लावला तर डबा गार. मला दाखवण्यापुरता आबांनी तेव्हाच एक पल्स दिला. ०.८२. गुणोत्तर १.३७ च्या आसपास, म्हणजे बॅटरी जवळजवळ नवी. "आते याले पास करी टाकतस सगळा," ते म्हणाले. मग आम्ही चहा घेतला आणि बसून राहिलो. बाहेर दूधवाले सुरू झाले. मधल्या सेलचा आकडा पाव-पाव अंशाने उतरत होता, आणि आबा काही बोलत नव्हते. साडेसहाला २९.९ आणि २९.२ झाले. पल्स दिला. ०.९३. गुणोत्तर १.५५. लाल पेन.

डबा बाहेरून गार होता तेव्हा आत मधले सेल तापलेले होते. एकमेकांना चिकटून बसलेल्या सोळा सेलांत मधल्याची उष्णता लवकर निघत नाही. घाई केली तर पहाटही दुपारसारखीच खोटी ठरते. आबांचा शोध भागाकारात नव्हताच. पल्स कधी द्यायचा हे चार्जरने ठरवावं, आणि ते दोन जागच्या तापमानांतला फरक बघून, हा त्यांचा शोध होता.

घरी आले आणि अंगात धसका भरला. कारण कलम ५९. अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवं काही घालता येत नाही. दावा आकुंचित करता येतो, पण ज्या गोष्टीने करायचा ती मूळ वर्णनात उघड केलेली हवी, आणि नवा दावा जुन्या दाव्याच्या हद्दीत बसला पाहिजे. चहाच्या वेळी जे पाहिलं ते मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं का? वर्णन उघडलं. परिच्छेद वाचत गेले: तापमान, तापमान, सगळीकडे एकवचनी तापमान.

मग पान ३१ आलं.

पेटंट अर्जाला तीस पानांची मर्यादा नाही, पण तीसच्या वर प्रत्येक पानाला वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन १६० रुपये जास्त लागतात. मूळ फी १६०० रुपये. दाखल करताना मी आबांना म्हटलं होतं की तक्ता २ काढून टाकू, एकाच पानासाठी कशाला पैसे भरायचे, आणि त्यात एकाच बॅटरीच्या तापमानाचे दोन-दोन रकाने कशाला. ते हट्टाला पेटले होते. वहीतून जसाच्या तसा तक्ता घालायला लावला: 'मधला सेल', 'कडेचा सेल', आणि खाली त्यांनी सांगितलेली एक टीप, जी मी इंग्रजीत नीट करून घेतली होती आणि विसरले होते. दोन्ही सेन्सर एक अंशाच्या आत येईपर्यंत चार्जरने चार्जिंग रोखावे व दुसरा पल्स देऊ नये.

ते पान मी मोबाइलवर दोनदा मोठं करून वाचलं. माझ्या हट्टाप्रमाणे झालं असतं तर त्या सकाळी माझ्याकडे बोलायला काही नसतं, आणि तो दोष धुळ्याचा नाही, भाषेचा नाही, आबांच्या शिक्षणाचा नाही, निव्वळ माझा असता.

साडेअकराला आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. अर्ज मुंबईच्या कार्यालयात दाखल, पण निर्णय देणाऱ्या अधिकारी, कंट्रोलर मॅडम, दुसऱ्या शहरात. हल्ली अर्ज देशभरात वाटले जातात. मी अलानी खटला एका वाक्यात सांगून बाजूला ठेवला. म्हटलं, अर्जदार पहिला दावा मर्यादित करायला तयार आहे: दोन जागी सेन्सर असलेला बॅटरी-संच, फरक एक अंशाच्या आत येईपर्यंत चार्जिंग रोखणारा चार्जर, त्यानंतरचा दुसरा पल्स, आणि गुणोत्तरावरून पुढच्या चार्जिंगचा प्रवाह कमी करणे.

"आधार कुठे आहे?"

"पान ३१, मॅडम. तक्ता २ खालची टीप."

त्या वाचत होत्या तो वेळ मला पहाटेच्या वाट पाहण्यापेक्षा लांब वाटला. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. दुसऱ्या दस्तऐवजातही सेल तापमानाला स्थिर होऊ देतात. मग थांबण्यात नवीन काय?

मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा हिंदीत बोलले. त्यांचं म्हणणं असं: त्या कागदात एक सेल आहे आणि कपाट आहे. कपाटात एका सेलला स्थिर करायला घड्याळ पुरतं. रिक्षात सोळा सेल दाबून बसवलेले, कोणी एकला परत येतो, कोणी नऊला, कोणाची बॅटरी सीटखाली, कोणाची मागे. घड्याळ लावलं तर चुकतं. म्हणून घड्याळ काढलं आणि दोन सेन्सरांना एकमेकांशी जुळवलं.

मॅडमनी विचारलं, एकच सेन्सर मध्ये बसवला असता तर? आबा म्हणाले, तोही स्थिर दिसतो, पण कडेला वारा लागत असतो. दोघं सारखे झाले की आत काही वाहत नाही. हे उत्तर मला सुचलं नसतं. तापमानात फरक नसेल तर उष्णता वाहत नाही, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्यांनी शेडमध्ये पाहिलं होतं.

सुनावणी सव्वीस मिनिटं चालली. लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस असतात, मी चौथ्या दिवशी दिलं. चौदा दाव्यांचे सहा राहिले.

त्या दुपारी आबांनी विचारलं होतं की मग गुणोत्तराचं सूत्र कोणाचं. मी खरं ते सांगितलं. सूत्र कोणाचंच नाही, कोणीही वापरेल. सेन्सर न जुळवता, घड्याळ लावून कोणी हेच केलं तर आपण त्याला अडवू शकणार नाही. त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं, आणि मी समजूत घातली नाही. माझ्या पहिल्या दाव्याने त्यांच्या मनात जो मोठा हक्क उभा केला होता तो मुळातच टिकणारा नव्हता. मिळेल तो लहान, पण तो पूर्णपणे त्यांनी शोधलेला.

पावसाळ्यात पेटंट मंजूर झालं. दाखल केल्या तारखेपासून वीस वर्षं, वार्षिक फी भरत राहिलं तर. प्रमाणपत्र घेऊन मी शेडमध्ये गेले. त्यांनी पहिला दावा मराठीत वाचून दाखवायला सांगितला. मी एकेक पायरी सांगत गेले, ते स्पॅनरने बाकावर मोजत गेले.

"एक अंश लिखेल शे ना?"

"लिहिलंय, आबा."

"मंग बरं," म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या रिक्षाची सीट उचलायला गेले.