पंधरा दिवसांचा अहवाल

कायद्याने ज्या अहवालाला पंधरा दिवसांची मुदत दिली आहे, त्या एका सामाजिक तपासणी अहवालापायी माझ्या ताईला आणि तिच्या मुलाला तारखांमागून तारखा घ्याव्या लागल्या, आणि त्या आठवल्या की माझा संताप अजून शमत नाही. भाचा सोळा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. शिकवणीच्या वर्गाबाहेर उभी असलेली गिअरची सायकल त्याने आणि त्याच्याच वयाच्या मित्राने उचलून नेली आणि ती विकायला गेले असताना दोघेही सापडले. सायकल मालकाला परत मिळाली. भाच्याच्या नावावर याआधी कसलीही तक्रार नव्हती. ताई एकटीच घर चालवते, त्यामुळे कार्यालयांच्या फेऱ्यांना सोबत म्हणून मी जात असे.

पोलीस ठाण्याबद्दल माझी तक्रार नाही. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांनी ताईला लगेच बोलावून घेतले, मुलाला कोठडीत ठेवले नाही आणि त्याच दिवशी त्याला तिच्या ताब्यात दिले. अपराध घोर स्वरूपाचा नसेल आणि सोबत कोणी प्रौढ आरोपी नसेल, तर अल्पवयीन मुलावर एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची आणि त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे अल्पवयीन मुलांची अशी प्रकरणे ऐकणाऱ्या मंडळाकडे, पाठवायचा, असा नियम आहे. तो पाळला गेला.

मंडळासमोरचा पहिला दिवसही धीर देणारा होता. उंच व्यासपीठ नाही, आरोपीचा पिंजरा नाही, गणवेशातले पोलीस नाहीत; टेबलाच्या पलीकडे प्रधान दंडाधिकारी आणि समाजकार्याच्या क्षेत्रातील एक सदस्या बसलेल्या. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले अपराध बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या दृष्टीने किरकोळ ठरतात. अशा प्रकरणाची चौकशी संक्षिप्त पद्धतीने करायची, ती चार महिन्यांत संपवायची आणि शक्य तिथे मुलाला न्यायालयीन प्रक्रियेच्या बाहेरच ठेवायचे, हे या कायद्याचे तत्त्वच आहे. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिविक्षा (म्हणजे देखरेखीखाली मोकळे ठेवणे) असे पर्याय मंडळाच्या हाती असतात. आमच्या एका नातेवाइकांनी मात्र ‘तीनशे शब्दांचा निबंध लिहिला की सुटेल’ असा शेरा मारला. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेल्यानंतर गाजलेला तो निबंध ही अल्पवयीन चालकाच्या जामिनाची अट होती, आणि त्या प्रकरणाचा व एका सायकलीचा काडीचाही संबंध नव्हता. पण तेव्हापासून बाल न्याय मंडळ म्हटले की लोकांना तेवढेच आठवते.

इथून पुढे सारे अडले ते सामाजिक तपासणी अहवालावर. मूल कोणत्या घरातून आले, कोणत्या संगतीत वाढले, शाळेत कसे आहे, त्याच्या हातून हे का घडले, याची माहिती परिविक्षा अधिकाऱ्याने घरी आणि शाळेत जाऊन गोळा करायची आणि मूल प्रथम मंडळासमोर आल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा. मुलाला कोणता पर्याय द्यावा हे मंडळ त्या अहवालाच्या आधारे ठरवते, म्हणजे तो नाही तर पुढे काहीच नाही. दुसऱ्या तारखेला बाहेरच्या लिपिकाने ‘अहवाल आलेला आहे’ असे सांगितले, म्हणून आम्ही निर्धास्त होऊन आत गेलो. आलेला होता तो पोलिसांचा पार्श्वभूमी अहवाल. नावे सारखी वाटत असली तरी हे दोन वेगळे कागद आहेत, आणि ज्याच्यावर निर्णय अवलंबून आहे तो तयार करायला अजून कोणी घरी फिरकलेलेही नव्हते.

परिविक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेल्यावर कळले की मूळ पद रिकामे आहे आणि दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार आहे. ते अधिकारी आठवड्यातील ठरावीक दिवशीच येतात. त्या दिवशी गेलो तर ते बैठकीला गेलेले. ‘तुमचा पत्ता आमच्याकडे आहे, आम्हीच येऊ, तुम्ही कशाला त्रास घेता?’ हे वाक्य इतक्या गोड आवाजात सांगितले जाई की चिडणेही अवघड व्हावे. ताई एका खासगी दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. गैरहजेरीचा पगार कापला जातो. कोणी घरी आले आणि कुलूप दिसले तर अहवालात काय लिहितील, या धास्तीने तिने काही दिवस जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येऊन पाहिले. मुलाचे तास बुडत होते, आणि कनिष्ठ महाविद्यालयात दर वेळी कोणते कारण द्यायचे हा वेगळाच प्रश्न होता. तारखेला जायचे, मंडळ जिथे बसते त्या निरीक्षणगृहाच्या (चौकशीच्या काळात मुलांना ठेवण्याच्या जागेच्या) आवारातल्या बाकावर बसायचे, दुपारी आत बोलावले जायचे आणि अहवाल प्राप्त नाही म्हणून पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. पहिल्यांदाच चुकलेल्या मुलाला या आवारापासून दूर ठेवण्यासाठी केलेला कायदा त्याला पुन्हा पुन्हा त्याच आवारात आणून बसवत होता.

तिथे भेटलेल्या एका गृहस्थांनी, बहुधा हितचिंतक म्हणून, ‘तारखा पडू द्या, प्रकरण आपोआप मरेल’ असा सल्ला दिला. त्यात तथ्य आहे. चार महिने आणि वाढवून दिलेले आणखी दोन महिने संपूनही चौकशी पूर्ण झाली नाही, तर किरकोळ अपराधाची कार्यवाही बाल न्याय अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे संपुष्टात येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच तरतुदीवर बोट ठेवून एक वर्षाहून अधिक काळ रेंगाळलेली मुलांची किरकोळ प्रकरणे बंद करण्याचा आदेश दिला होता. पण ताईला हा मार्ग पटला नाही आणि मलाही पटला नाही. मुलाशी कोणी बोलायचे नाही, त्याने काही करायचे नाही, आणि कागद नुसता जुना होऊन संपायचा, याला मुलाला सुधारण्याची संधी दिली असे म्हणता येत नाही. शिवाय तोवर वर्षअखेरची परीक्षा येऊन ठेपली असती.

सुटका झाली ती कायदा वाचल्यामुळे, आणि याचा मला थोडा अभिमान आहे. कलम ८ मध्ये मंडळाची कामे दिली आहेत. त्यात परिविक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर बाल कल्याण अधिकाऱ्याला किंवा समाजकार्यकर्त्याला ही तपासणी करण्याचा निर्देश मंडळाने द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. इतके दिवस हे आम्हाला एकाही टेबलावर कोणी सांगितले नव्हते. आमचे वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेले होते (हे आधीच लिहायला हवे होते: महिला आणि मुलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते, त्यामुळे पैशाअभावी वकिलाविना जाऊ नये). त्यांनी याच तरतुदीचा उल्लेख करून जेमतेम एका पानाचा अर्ज मंडळाला दिला. तोंडी विनवणीला जे उत्तर कधी मिळाले नव्हते ते लेखी अर्जाला त्याच दिवशी मिळाले. मंडळाने एका समाजकार्यकर्त्या बाईंना तपासणी करण्यास सांगितले. ज्यांचा अहवाल रखडला आहे त्यांनी कार्यालयाच्या दारात उभे राहण्याऐवजी पहिल्याच चुकलेल्या तारखेला असा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

त्या बाई सायंकाळी, ताई घरी असताना आल्या. भाच्याशी त्या स्वतंत्रपणे बराच वेळ बोलल्या, त्याच्या वह्या पाहिल्या, आणि शेजाऱ्यांकडे कोणतीही विचारपूस न करता गेल्या. मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात ठेवून काम करणारी ती मला भेटलेली पहिली व्यक्ती. त्यांचा अहवाल न रेंगाळता मंडळाकडे पोहोचला.

त्यानंतरही एक तारीख वाया गेली, कारण अंतिम निर्णयाच्या वेळी प्रधान दंडाधिकाऱ्यांसह किमान दोन सदस्य हजर असावे लागतात आणि त्या दिवशी ते नव्हते. पुढच्या वेळी मात्र सारे भराभर झाले. मंडळाने समज दिली, समुपदेशनाची सत्रे ठरवून दिली आणि काही तासांची समाजसेवा सांगितली. ती त्याने रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपाशी वृद्ध रुग्णांना मदत करून पूर्ण केली. सुरुवातीला तो लाजेने मान वर करत नसे. पुढे आजी-आजोबांची नावे घरी येऊन सांगू लागला.

आणखी एक गोष्ट. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी जवळ ठेवावे. त्यांना प्राधान्य आहे, आणि ती नसतील तर महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला चालतो. नुसते आधार कार्ड घेऊन आलेल्या एका कुटुंबाला आमच्यादेखत परत पाठवले गेले.

आदेश ऐकून लगेच बाहेर पडू नये. अशा मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही, असे कलम २४ सांगते, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेशही मंडळानेच द्यायचा असतो. आमच्या वकिलांनी ते वाक्य आदेशात आहे की नाही हे तिथेच विचारून घेतले, नंतर प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला, आणि प्रत हाती आल्यावर ताईने तिची एक झेरॉक्स पोलीस ठाण्यात देऊन दुसरीवर पोच घेतली.