आहार-सल्ला केंद्र सुरू करताना: कागद कोणते, क्रम कोणता (माझा अनुभव)

पुण्यात स्वतःचं आहार-सल्ला केंद्र काढताना आधी एकच गोष्ट पक्की केली: फक्त सल्ला द्यायचा, विकायचं काही नाही. पुढचे सगळे कागद यावरच ठरतात. लाडू, सत्त्व किंवा दुसऱ्या कंपनीची प्रोटीन पावडर विकायला ठेवली की, नुसती फेरविक्री असली तरी, तुम्ही अन्न-व्यावसायिक ठरता आणि ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. नुसत्या सल्ल्याला तो लागत नाही. नर्सिंग होमची नोंदणीही नाही, कारण ती रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी आहे.

पात्रतेचं मात्र हलक्यात घेऊ नका. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये आला. त्याच्या यादीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघेही आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून किमान ३,६०० तासांची पदवी त्यात धरली आहे, म्हणजे तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सवर पाटी लावणं यात बसत नाही. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) ही नोंदणी ऐच्छिक आहे, तरी ती जरूर करा. रुग्ण पाठवण्याआधी डॉक्टर तेच विचारतात. ‘आरडी’साठीच्या इंटर्नशिपच्या दाखल्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभागाचं नाव, सही-शिक्का हे सगळं असल्याची खात्री हॉस्पिटल सोडण्यापूर्वीच करून घ्या.

आता जागा. भाडेकरार नोंदणीकृत हवा आणि त्यात ‘व्यावसायिक वापर’ स्पष्ट लिहिलेला हवा. घरातच खोली काढली असेल तर सोसायटीची एनओसी आधी घ्या. पत्त्याचा पुरावा म्हणून द्यायचं लाइट बिल जुन्या मालकाच्या नावावर असणं ही नेहमीची अडचण. बँकेत अर्ज तिथेच अडकतो.

मग गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंदणी. वीसपेक्षा कमी कामगार असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) तर २०१७ च्या या कायद्याप्रमाणे नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची: नमुना ‘एफ’, व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. त्यासोबत दर्शनी भागाचा, मराठी पाटी दिसेल असा फोटो जोडावा लागतो. म्हणून अर्जाआधी पाटी तयार हवी. देवनागरी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पाटीवरचं नाव, अर्जातलं नाव आणि पुढे बँकेत द्यायचं नाव एकसारखं ठेवा. ‘न्यूट्रिशन क्लिनिक’ एकीकडे आणि ‘डाएट क्लिनिक’ दुसरीकडे, एवढ्या फरकाने चालू खातं अडतं.

‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी आधार-पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. शोध घेतल्यावर वर दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात. ही नोंदणी ट्रेडमार्कच्या आधी करा: वर्ग ४४ मध्ये (आहार-सल्ल्यासारख्या सेवांचा ट्रेडमार्क वर्ग) ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये लागतात, बाकीच्यांना ९,०००. ‘हेल्दी डाएट’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव घेतलं तर हरकत ठरलेलीच. व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी (स्वतःच्या करासाठीची) ३० दिवसांत करायची, वर्षाला २,५०० रुपये. पगारी माणूस ठेवला आणि त्याचा पगार करपात्र असला तर त्याच्या पगारातून हा कर कापून भरण्यासाठी पीटीआरसी नोंदणी वेगळी.

जीएसटीत गोंधळ सर्वात जास्त होतो. सेवांची मर्यादा वर्षाला २० लाख. बंगळुरूच्या ऑनलाइन क्लायंटमुळे ती बदलत नाही, आणि दुबई-न्यू जर्सीच्या मराठी मंडळींची फीही त्या उलाढालीत मोजली जाते. आरोग्यसेवेला माफी आहे म्हणून आपल्यालाही आहे, असं धरून चालू नका. ती माफी क्लिनिकल आस्थापना, अधिकृत डॉक्टर आणि पॅरामेडिक यांनी आजार, दुखापत, गरोदरपण यांसाठी दिलेल्या सेवेला आहे. लग्नाआधी वजन उतरवण्याचं पॅकेज त्यात बसवणं अवघड. सीएकडून मत लेखी घ्या.

जाहिरातीचा मजकूर मी दोनदा तपासते. ‘डायबेटिस मुळापासून बरा’ असं कधीच लिहू नका. ते आधी रुग्णाशी खोटं बोलणं आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्यासोबत काढा-चूर्ण विकत असाल तर १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदाही लागू होतो. मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही त्याच्या यादीत आहेत.

संमतीपत्र एका पानाचं ठेवा, मराठीत: सध्याची औषधं, ॲलर्जी, मूत्रपिंड-यकृताचे आजार, गरोदरपण, रिपोर्ट कोणाला दाखवायचे. खाली एक ठळक ओळ हवी की इन्सुलिन किंवा गोळीचा डोस आम्ही बदलत नाही. कर्बोदकं कमी केल्यावर साखर एकदम उतरू शकते, म्हणून अशा रुग्णाचा आहार बदलण्याआधीच त्याच्या डॉक्टरांना कळवा. अठराखालच्यांसाठी पालकांची सही लागते. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर बॉडी-कॉम्पोझिशन मशीनवर उभं करू नका, साधा वजनकाटा वापरा.