तिचे घर कोणते

परवा जपानीच्या वर्गात ‘ताकेतोरी मोनोगातारी’, म्हणजे बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची कथा, वाचून संपली आणि वह्या मिटता मिटता आमच्यातली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, “शेवट गोडच झाला की. ती आपल्या घरी गेली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काही बोलले नाही. पण ते वाक्य मनातून जाईना, आणि आज लिहून काढल्याशिवाय झोप लागेलसे वाटत नाही.

आपल्या घरी, म्हणजे कोठे? ज्या म्हाताऱ्याला ती उजळलेल्या बांबूच्या पेरात सापडली, ज्याने वीतभरही नसलेल्या त्या पोरीला तळहातावर घरी आणून म्हातारीच्या हवाली केले आणि दोघांनी तिला टोपलीत ठेवून वाढवले, त्यांचे घर तिचे नव्हते का?

या कथेतली पाच वरांची फजिती लोकांना फार आवडते. एकाला कागुयाहिमेने, म्हणजे त्या मुलीने, बुद्धाचे दगडी भिक्षापात्र आणायला थेट आपल्या भारतात जायला सांगितले, तर तो यामातो प्रांतातल्याच एका डोंगरी देवळातले काजळी धरलेले पात्र घेऊन आला; दुसऱ्याने दंतकथेतल्या होराई पर्वतावरची म्हणून रत्नांची फांदी आणली, आणि ती घडवणारे कारागीर ऐन वेळी मजुरी मागत दारात उभे राहिले. हे सारे रंगतदार आहे, पण मला आता ती पाने भराभर उलटावीशी वाटतात. माझे मन अडकते ते आठव्या महिन्याच्या पौर्णिमेपाशी, जी बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदातली पौर्णिमा असते.

मुलगी मूळची चंद्रावरची आणि त्या रात्री तिकडचे लोक तिला न्यायला येणार, म्हणून सम्राटाने पाठवलेली दोन हजार माणसे पहाऱ्यावर आहेत, हजार भिंतीवर आणि हजार छपरावर. म्हातारी मुलीला कवटाळून आतल्या कोठीत बसली आहे आणि दाराला कुलूप घालून म्हातारा बाहेर उभा आहे. मध्यरात्री दहा पौर्णिमा एकवटल्यासारखा उजेड पडतो, इतका की माणसांच्या अंगावरची रंध्रे दिसावीत. धनुष्य उचलण्याचे बळ कोणाच्या हातात उरत नाही. चंद्रावरून आलेल्यांचा मुख्य म्हाताऱ्याला सांगतो, की हिच्याकडून अपराध घडला म्हणून हिला क्षणभर तुझ्यासारख्याच्या घरी ठेवले होते, तो काळ आता संपला. त्यावर म्हातारा उत्तर देतो, की मी तर हिला वीस वर्षांहून अधिक सांभाळले आहे आणि तुम्ही क्षणभर म्हणता, तेव्हा तुमची कागुयाहिमे कोणी दुसरीच असेल. शिवाय आमची फार आजारी आहे, ती बाहेर येऊ शकणार नाही.

हे खोटे बोलणे वाचताना मला फार भरून येते. वीस वर्षे ज्याने काढली त्याला ती वीस वर्षे असतात आणि नेणाऱ्याला तो क्षण असतो, हे एवढ्या जुन्या काळी कोणीतरी इतके नेमके लिहून ठेवले. ही कथा नवव्या शतकाच्या अखेरीची किंवा दहाव्याच्या आरंभीची असावी असे मानतात. लेखक अज्ञात आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या लेखिकेने ‘गेंजी’ या आपल्या कादंबरीत तिला सर्व कथांची पूर्वज म्हटले, आणि आजही जपानी मुले माध्यमिक शाळेत तिची पहिली वाक्ये पाठ करतात. पण पाठ करण्याच्या वयात म्हाताऱ्याकडे लक्ष जाते का, कोण जाणे. लक्ष मुलीकडेच जाणार, आणि ते योग्यच आहे.

कोठीची दारे आपोआप उघडतात. तिच्या अंगावर पिसांचे वस्त्र घातले जाते आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याविषयीची तिची सारी माया, सारा कळवळा नाहीसा होतो. कथाकार हे एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. मी मात्र तेथेच थांबले. जाणाऱ्याला विसरण्याचे वस्त्र मिळते आणि मागे राहणाऱ्याने औषध नाकारून अंथरुणाला खिळायचे, हा कोणता न्याय? लेकीचा फोन रविवारी येतो, तोही हल्ली... असो.

आज दुपारी मात्र तो भाग पुन्हा सावकाश वाचला. मुलगीच आधी म्हाताऱ्याला सांगते, की चंद्रावरही माझे आईवडील आहेत, पण त्यांची मला आठवण नाही. येथे मी इतकी रमले, की जाण्याचा आनंद नाही, नुसते दुःख आहे. म्हणजे येथे येताना ती तिकडचे सारे विसरली होती, म्हणूनच ती या दोघांची होऊ शकली. मीही सासरी रमले तेव्हा आईने सर्वांना ते आनंदाने सांगितले होते. तिच्या आनंदामागे आणखी काय होते, हे मी कधी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

आणि ते वस्त्र चढण्याआधी तिने दोघांसाठी पत्र लिहून ठेवले. काढून ठेवलेली वस्त्रे माझी आठवण समजा, चंद्र उगवेल त्या रात्री वर पाहा, तुम्हाला टाकून जाताना आकाशातून खाली कोसळेन असे वाटते, असे त्यात आहे. वस्त्राची घाई करणाऱ्या स्वर्गीय दूतालाही तिने थांबवले आणि सम्राटासाठीही पत्र लिहिले. पुढे काय विसरायचे हे तिच्या हाती नव्हते, पण आधी जे हाती होते ते तिने सगळे केले. हे लक्षात आल्यापासून मला त्या म्हाताऱ्यासाठी थोडे बरे वाटते आहे, आणि माझ्यासाठीही.

जपानने २००७ साली चंद्राकडे यान पाठवले, त्याचे नाव कागुया. त्याच्यासोबत दोन लहान उपग्रह गेले आणि त्यांची नावे ओकिना आणि ओउना ठेवली, म्हणजे म्हातारा आणि म्हातारी. त्यांतला ओकिना फेब्रुवारी २००९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर पडला. कागुया त्यानंतर, जूनमध्ये. म्हातारा तेथे तिच्या आधी पोहोचला. ही नावे सुचवणाऱ्यांनी मुलीला एकटे पाठवले नाही, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.