कंट्रोल दाबून धर!

शिफ्टचं बटण कॅपिटल अक्षरांसाठी असतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याआधी ते कड्याला लोंबकळण्यासाठी होतं. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की डॉसवर (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर) 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम सुरू व्हायचा. राजपुत्र दरीवरून झेपावला की शिफ्ट दाबून धरायचं, तरच त्याची बोटं पलीकडच्या कडेला अडकायची. नाही तर थेट खालच्या सुळ्यांवर.

हा राजपुत्र जड होता. गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं आपल्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. ॲपल टूवर गेम आला 1989 मध्ये. मारिओ हवेतल्या हवेत दिशा बदलतो, त्याला वजन म्हणून नाहीच. राजपुत्राचं मात्र पाऊल उचललं की ते टेकेपर्यंत तो तुमचं काही ऐकत नाही. शेजारचा ओरडायचा, 'अरे, दाबलं होतं रे मी!' दाबलेलं असायचंच, फक्त उशिरा.

मग 1996 मध्ये 'टूम रेडर' आला. लारा क्रॉफ्टचं सगळं जग सारख्या मापाच्या चौकोनी ठोकळ्यांचं. त्यामुळे उडी मारणं हे निम्मं गणित होतं. जागेवरून मारलेली उडी एक चौकोन ओलांडते, पळत मारलेली दोन, आणि तीन चौकोनांची दरी असेल तर पळत उडी मारून हवेत असतानाच कंट्रोल दाबायचं, मग हात कसेबसे पोचतात. त्यासाठी आधी कडेपर्यंत शिफ्ट धरून चालत जायचं (शिफ्ट धरलं की ती पडत नाही, ही मोठीच माया), तिथून एक उडी मागे, मग धाव, आणि उडीचं ऑल्ट जरा आधीच दाबायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे दयेनं बघतात. पण दरीकाठी उभं राहून 'पोचेल का?' असा विचार करण्यात खरी मजा होती. आणि लटकल्यावर कंट्रोलवरचं बोट उचललं की लारा गेली. पडताना जी किंकाळी मारायची, ती ऐकून आई स्वयंपाकघरातून विचारायची, 'काय चाललंय तिकडे?'

2007 मध्ये 'अनचार्टेड' आणि 'असॅसिन्स क्रीड' एकाच वर्षी आले आणि चढणं देखणं झालं. दमास्कसच्या मनोऱ्यावर 'असॅसिन्स क्रीड'चा नायक आल्टेर सरसर चढतो, खाली सगळं शहर पसरलेलं. दृश्य अप्रतिम. पण माझं बोट काय करतंय? कंट्रोलरची स्टिक वर ढकलतंय. पकड सांभाळायची जबाबदारी गेमनं स्वतःकडे घेतली. मग कुठे चढायचं तेही गेमच सांगू लागला, कधी कडांना वेगळा रंग देऊन, कधी पिवळे पट्टे फासून. 'फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ'च्या डेमोमध्ये 2024 साली रानातल्या कड्यांवर असा पिवळा रंग दिसला, तेव्हा लोकांनी भरपूर थट्टा केली. मला रंगाचा फारसा राग नाही. दगडांच्या गर्दीत वाट दिसायला हवीच. वाट दिसल्यावर मला करण्यासारखं काहीच उरत नाही, याचा आहे.

'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (2005) कंट्रोलरचं आरवन बटण दाबून महाकाय प्राण्याच्या केसांना धरायचं. तो अंग झटकतो, आपला पोरगा चिंधीसारखा फडफडतो, किती पकड उरली ते दाखवणारं पडद्यावरचं वर्तुळ आकसत जातं. बटण जास्त जोरात दाबल्यानं काही होत नाही हे माहीत असूनही आपण जोरात दाबतो. हातातला कंट्रोलर करकरतो. 'जुसां' या चढाईच्या गेमनं 2023 मध्ये कंट्रोलरचे दोन ट्रिगर दोन हातांना वाटून दिले. डावा सोडायच्या आधी उजवा पक्का. एवढ्यानंच साधी भिंतही उंच वाटते.

गेम कठोर असायला हवा असं मात्र नाही. 'सेलेस्ट' हा 2018 चा अवघड म्हणून गाजलेला गेम गुपचूप किती सांभाळून घेतो! कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मान्य करतो, डोकं कोपऱ्याला जेमतेम घासलं तर हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला वाटतं, वा, काय टायमिंग आपलं! ही फसवणूक मला चालते, कारण भिंत धरायचं बटण तरी माझ्याच बोटाखाली असतं.

त्यातही नंतर सोय आली. सेटिंगमध्ये 'टॉगल' केलं की एकदा बटण दाबायचं, पकड कायम. ज्यांची बोटं दुखतात त्यांच्यासाठी खरंच उत्तम. भाचा म्हणाला, 'मामा, तुम्ही पण लावा ना, किती दाबून धरता!' मी म्हटलं, थांब, वर पोचू दे आधी.