मॉडेल व्ह्यूअरने काय लपवू नये

गेम रंगात आलेला असताना पात्राकडे निवांतपणे पाहायला सवड नसते. चाहत्यांनी हौसेने तयार केलेले मॉडेल व्ह्यूअर ती सवड देतात; पात्राची फाईल उघडून ते माउसने हवे तसे फिरवता येते आणि हालचाल हव्या त्या फ्रेमवर थांबवता येते. मात्र फाईलमध्ये नसलेला देखणेपणा पदरचा घालणाऱ्या व्ह्यूअरपेक्षा, तिच्यात जे आहे ते उणिवांसकट दाखवणारा व्ह्यूअर मला अधिक मोलाचा वाटतो.

१९९७ च्या ‘क्वेक २’मधील एमडी२ या फाईलप्रकाराचे उदाहरण घेता येईल. त्यात सांगाडा, म्हणजे शरीर हलवणारी आतली हाडे, नसतो. प्रत्येक फ्रेमसाठी पात्राचा आकार घडवणाऱ्या सगळ्या बिंदूंच्या जागा नव्याने नोंदवलेल्या असतात. खेळाडूच्या मॉडेलमध्ये अशा १९८ फ्रेम असून धावण्याच्या वाट्याला त्यांतल्या अवघ्या सहा येतात. जागा वाचवण्यासाठी बिंदूचा प्रत्येक निर्देशांक एकाच बाइटमध्ये बसवला आहे, म्हणजे एका अक्षावर त्याला फक्त २५६ पायऱ्या मिळतात; त्यामुळे पात्र नुसते उभे असले तरी त्याचा चेहरा किंचित थरथरत राहतो. गेम दोन फ्रेमच्या मधल्या जागा गणिताने भरून काढतो आणि बरेच व्ह्यूअरही तेच करतात. ही भर बंद करण्याची सोय व्ह्यूअरमध्ये असायलाच हवी, कारण मूळ सहा फ्रेम एकेक करून पाहिल्याशिवाय ॲनिमेटरने किती थोडक्यात धावण्याचा भास उभा केला आहे, हे कळत नाही.

१९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने सांगाड्याची पद्धत वापरली. तिथे प्रत्येक बिंदू एकाच हाडाला बांधलेला असल्यामुळे हात वाकताना कोपरापाशी कडक घडी पडते. या गेमसाठी चाहत्यांमध्ये रुळलेल्या व्ह्यूअरमध्ये हाडे दिसतात आणि हिटबॉक्सही दिसतात. गोळी लागली की नाही, हे त्या अदृश्य ठोकळ्यांवरून ठरते. दिसणारे शरीर आणि ठोकळे यांच्या कडा तंतोतंत जुळत नाहीत, ही गोष्ट खेळताना क्वचितच ध्यानात येते.

‘क्वेक ३’ने (१९९९) पात्राचे डोके, धड आणि पाय असे तीन वेगळे भाग केले. पाय धावत असताना धड गोळीबार करू शकते, ते यामुळेच. हे भाग टॅग नावाच्या सांध्यांवर जोडले जातात, आणि कोणती हालचाल कोणत्या फ्रेमपासून किती वेगाने चालवायची, हे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेले असते. धड आणि पाय यांच्या हालचाली स्वतंत्रपणे निवडू न देणारा व्ह्यूअर या रचनेतील खरी गंमतच घालवतो.

नंतरच्या अनेक गेमच्या फाईली दाबून बांधलेल्या किंवा कूटबद्ध असतात आणि त्यांची रचना कोणी जाहीर करत नाही. त्यामुळे बाइट न्याहाळत, अंदाज बांधत ती शोधून काढावी लागते. ‘नोएसिस’सारख्या असंख्य फाईलप्रकार उघडणाऱ्या साधनांमागे असे चिकाटीचे काम आहे. वेबजीएल हे वेबपानावर त्रिमितीय चित्रे दाखवण्याचे तंत्र आल्यापासून हे सारे ब्राउझरमध्येही शक्य झाले. तरी गेमच्या फाईली परस्पर आपल्या सर्व्हरवर मांडून ठेवणाऱ्या साधनापेक्षा, आपण विकत घेतलेल्या प्रतीतून फाईल वाचणारे साधन मी निवडेन.

एक साधी अपेक्षा मात्र अजूनही सर्वत्र पूर्ण होत नाही. चालू फ्रेमचा क्रमांक पडद्यावर सतत दिसायला हवा. तो नसेल, तर आपण नेमक्या कोणत्या क्षणाबद्दल बोलत आहोत, हे दुसऱ्याला सांगता येत नाही.