हात सावरला, पण छाटणीचा क्रम सुटला

दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार अण्णा लकव्यानंतर काही महिन्यांनी आमच्या नाशिकच्या ओपीडीत आले, ते स्वतःच्या पायांनी. उजव्या हाताची मूठ आवळून दाखवली. मुलगा मात्र कुरकुरत होता. "मॅडम, हात चांगलाय, पण अण्णा हट्टी झालेत. बागेत जातात आणि नुसते उभे राहतात. काही सांगितलं की चिडतात."

नातवंडांची नावं, बेदाण्याचा भाव, अण्णांनी सगळं बिनचूक सांगितलं. मग मी विचारलं, "ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, की पुढं काय?"

"फवारणी."

"त्याच्या आधी?"

मुलगा बोलायला लागला, त्याला मी हातानंच थांबवलं. अण्णा टेबलाकडं बघत राहिले. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून तिला पेस्ट लावतात, हे ज्यांनी गावातल्या पोरांना शिकवलं, त्यांना ते सुचेना. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं. गोल सुरेख, आकडे जागेवर, पण एक काटा अकरावर आणि दुसरा, दोनवर हवा तो, दहावर.

अल्झायमरमध्ये बहुधा आठवण आधी जाते. रक्तवाहिन्यांमुळं होणाऱ्या डिमेन्शियात, म्हणजे बुद्धी ढासळण्याच्या आजारात, पुष्कळदा कामाचा क्रम, नियोजन, विचाराचा वेग आधी ढासळतो, आणि घरचे त्याला हट्ट म्हणतात. अण्णांच्या एमआरआयमध्ये लकव्याच्या डागाशिवाय खोलवर जुन्या, लहान झटक्यांचे बारीक ठिपकेही होते. कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं. बीपीची गोळी ते 'बरं वाटतंय' म्हणून मधेमधे सोडत. लकव्याच्या पहिल्या झटक्यानंतर साधारण दहातल्या एकाला डिमेन्शिया होतो. झटका पुन्हा आला, तर तिघांतल्या एकाहून जास्त जणांना. आपण हातपाय हलले की सुटलो म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

काकूंनी विचारलं, "पहिल्यासारखे होतील का हो?" गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हटलं नाही. पुढचा झटका टाळणं आपल्या हातात बरंच आहे, एवढं सांगितलं. बीपी, साखर, रक्त पातळ ठेवणारी गोळी, तंबाखू बंद. गोळ्यांचा डबा सूनबाईंकडं. औषधांचं माप आणि ट्रॅक्टरची किल्ली मुलाकडं. छाटणीची कामं मोठ्या अक्षरांत ओळीनं लिहून शेडमध्ये लावायची, आणि अण्णांना बागेतून उठवायचं नाही.

पुढच्या तपासणीला बीपी १२८/८० होतं. अण्णा तक्रार घेऊन आले होते, पोरगा काडी फार आखूड छाटतो म्हणून. मुलगा म्हणाला, "खरंय त्यांचं."